आधी ती ओळ वाचा

माझ्या भाच्याचा लॅपटॉप चांगला दहा वर्षांचा. विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि नवं विंडोज त्या यंत्राला झेपणारं नव्हतं. म्हणून मी मामापणा मिरवत त्यावर लिनक्स घालून दिलं. कपाटात एक जुना पेनड्राइव्ह पडून होता, त्यावरूनच. सगळं झकास झालं. पडदा उजळला, आवाज आला, मराठी कळफलकही बसला. वायफाय मात्र नाही. बंद पडलंय असंही नाही, यादीत नावच नाही. जणू त्या लॅपटॉपला वायफाय कधी नव्हतंच.

मला परत विचारायचा भाच्याला संकोच वाटला असावा, तो दुकानात गेला. दुकानदाराने झाकण न उघडताच 'कार्ड गेलं' असं निदान केलं आणि यूएसबीत खुपसायचा एक डोंगल विकला. तो डोंगलही चालेना. मग मला फोन आला, "मामा, आता यूएसबीपण गेलं वाटतं."

काहीच गेलं नव्हतं. आतलं कार्ड आणि बाहेरचा डोंगल, दोन्ही ठणठणीत होते. दोघांना लागणारी एकेक फाइल मी घातलेल्या त्या जुन्या लिनक्समध्ये नव्हती, एवढंच. आणि ही गोष्ट संगणक स्वतः, दर वेळी सुरू होताना, एका ओळीत लेखी सांगत होता. वाचत कोणी नव्हतं. मीसुद्धा नाही.

जुन्या यंत्रावर लिनक्स घालणारे, शाळेची संगणक खोली सांभाळणारे शिक्षक, आणि कोपऱ्यावरच्या दुकानात बसून दिवसाला दहा लॅपटॉप बघणारे दुरुस्तीवाले, या सगळ्यांना माझं सांगणं त्या एका ओळीबद्दल आहे.

ती नसलेली फाइल होती फर्मवेअरची. आधी फर्मवेअर म्हणजे काय ते पाहू. वायफाय कार्ड, ब्लूटूथ, ग्राफिक्स, काही प्रिंटर, यांच्या पोटात स्वतःचा छोटा प्रोसेसर असतो. तो चालवायला आज्ञावली लागते, तिला फर्मवेअर म्हणतात. शब्द १९६७ चा आहे. अ‍ॅशर ऑप्लर यांनी 'डेटामेशन' मासिकातल्या लेखात तो वापरला, हार्डवेअर आणि सॉफ्टवेअर यांच्या मधला थर म्हणून. पूर्वी ही आज्ञावली बहुतेक उपकरणात चिपवरच कायमची भरलेली असे. पुढे उत्पादकांनी हिशेब मांडला. ती चिप वाचवली तर पैसे वाचतात, आणि आज्ञावलीत चूक निघाली तर नुसती फाइल बदलून भागतं. म्हणून आता पुष्कळ कार्डं कारखान्यातून रिकाम्या डोक्याने बाहेर पडतात. संगणक चालू झाला की ड्रायव्हर त्यांच्या हातात फाइल ठेवतो, तेव्हा कुठे ती कामाला लागतात. वीज गेली की पुन्हा कोरी पाटी.

एखादा गडी आहे असं समजा, जो रात्री झोपला की कालचं सगळं विसरतो. अंगात ताकद आहे, हत्यारं आहेत, पण सकाळी मुकादमाने चिठ्ठी दिल्याशिवाय तो जागचा हलत नाही. गडी म्हणजे कार्ड, मुकादम म्हणजे ड्रायव्हर आणि चिठ्ठी म्हणजे फर्मवेअर. चिठ्ठ्या ठेवायचं फडताळही ठरलेलं आहे. लिनक्समध्ये 'लिब' फोल्डरच्या आत 'फर्मवेअर' नावाचं फोल्डर असतं, ते. मुकादम तिथे जाऊन ठरलेल्या नावाची चिठ्ठी शोधतो. अक्षर न अक्षर तेच नाव हवं, लहान-मोठ्या लिपीचा फरकसुद्धा चालत नाही. मिळाली नाही तर तो आरडाओरडा करत नाही. नोंदवहीत एक ओळ लिहितो आणि गप्प बसतो. आपल्याला दिसतो तो न हलणारा गडी, आणि आपण म्हणतो, मेला.

नोंदवही उघडणं अवघड नाही. टर्मिनल उघडा. 'सुडो' लिहा, एक जागा सोडा आणि डी, एम, ई, एस, जी ही पाच अक्षरं लिहून एंटर दाबा. पासवर्ड विचारला जाईल. तो टाइप करताना पडद्यावर टिंबसुद्धा उमटत नाही, त्याने बिचकू नका. मग ओळींचा पूर येईल. त्यात 'फर्मवेअर' हा शब्द शोधा. दुखणं याच जातीचं असेल तर 'डायरेक्ट फर्मवेअर लोड फॉर', पुढे एका फाइलचं नाव आणि शेवटी 'फेल्ड विथ एरर' व उणे २ हा आकडा, अशी ओळ सापडेल.

निदान त्या ओळीतच पूर्ण आहे. सुरुवातीला चिठ्ठी मागणाऱ्या ड्रायव्हरचं नाव, मधे चिठ्ठीचं नाव, शेवटी काय झालं ते. उणे २ म्हणजे 'अशी फाइल किंवा फोल्डर नाही', हा अर्थ लिनक्समध्ये पक्का ठरलेला आहे. म्हणजे कार्ड सापडलं, ड्रायव्हर सापडला, दोघांची गाठ पडली, फक्त चिठ्ठी नाही. पार मेलेलं कार्ड सहसा मुकादमाच्या नजरेसच पडत नाही, मग त्याच्यासाठी चिठ्ठी कोण मागणार? म्हणून ही ओळ दिसली की मी सुटकेचा श्वास टाकतो. ती वाईट बातमी नाही, चांगली आहे.

इथे एका फसगतीपासून सावध करतो, कारण तिच्यापायी मी एक अख्खा रविवार घालवला आहे. 'फेल्ड' दिसलं म्हणजे बिघाड, असं नेहमीच नसतं. इंटेलच्या वायफाय कार्डांचा ड्रायव्हर चिठ्ठीच्या बऱ्याच आवृत्त्या ओळखतो. तो सगळ्यात नवी आधी मागतो, ती नसेल तर तिच्या आधीची, मग आणखी आधीची. प्रत्येक नकाराची ओळ नोंदवहीत पडते. खाली पाहिलं तर 'लोडेड फर्मवेअर व्हर्जन' अशी ओळ सापडते. म्हणजे चौथ्या नाहीतर पाचव्या खेपेला चिठ्ठी मिळाली आणि गडी कामाला लागलाही. त्याच ड्रायव्हरच्या नोंदीत 'योयो' असं गमतीदार नाव असलेली एक फाइल मिळाली नाही अशीही तक्रार असते. ती फाइल फक्त ड्रायव्हर लिहिणाऱ्यांच्या तपासणीची. तुमच्याकडे ती नसायचीच. तेव्हा पहिली लाल ओळ पाहून थांबू नका, त्याच ड्रायव्हरच्या पुढच्या चार-पाच ओळी वाचा. वायफाय चालत असेल तर असल्या ओळींकडे खुशाल काणाडोळा करा.

ओळच नसेल तर? मग कार्ड हजर आहे का ते बघा. एल, एस, पी, सी, आय लिहून, जागा सोडून, वजाचं चिन्ह आणि त्याला चिकटून एन, एन, के ही अक्षरं टाका. यंत्रात बसवलेल्या उपकरणांची यादी येते, प्रत्येकापुढे चौकटी कंसात चार-चार अक्षरांची जोडी असते. पहिले चार उत्पादकाचे, पुढचे चार मॉडेलचे. ८०८६ दिसलं की इंटेल. १९७८ च्या आपल्या प्रसिद्ध प्रोसेसरचा आकडाच त्यांनी ओळखक्रमांक म्हणून घेतला, एवढी हौस कंपन्यांनाही असते. यूएसबीच्या उपकरणांसाठी 'पी, सी, आय' ऐवजी 'यू, एस, बी' लिहायचं, आणि तिथे ते वजाचं शेपूट लावायचं नाही. या यादीत कार्ड अजिबात नसेल तर गोष्ट वेगळी. बायोसमध्ये बंद केलेलं असेल, सैल झालं असेल, किंवा खरोखर गेलं असेल. दुकानाची पायरी तेव्हा चढायची. आणि हो, या सगळ्याच्या आधी लॅपटॉपच्या कडेला वायफायचं बटण आहे का ते बघून घ्या. कुणी काही म्हणणार नाही.

आता उपाय. फाइल हवी म्हणून लोक पहिलं काय करतात? नाव शोधयंत्रात टाकून जे पहिलं पान येईल तिथून उतरवतात. हे करू नका. तुमच्या लिनक्सच्या स्वतःच्या भांडारात त्या चिठ्ठ्यांची गाठोडी बांधून ठेवलेली असतात. उबंटू आणि मिंटमध्ये बहुतेक सगळ्या चिठ्ठ्या 'लिनक्स-फर्मवेअर' या एका पॅकेजात असतात. डेबियनमध्ये त्या उत्पादकाप्रमाणे वेगवेगळ्या आहेत, रिअलटेकच्या वेगळ्या, अथेरॉसच्या वेगळ्या, इंटेल वायफायच्या वेगळ्या. पॅकेज बसवा, यंत्र पूर्ण बंद करून चालू करा. दहापैकी नऊ वेळा काम इथेच संपतं असं मी म्हणेन, पण हा माझ्या टेबलावरचा अंदाज आहे, कुणाचं सर्वेक्षण नव्हे.

'पण इंटरनेट चालू करायला जी फाइल हवी ती इंटरनेटवरूनच आणायची कशी?' हा प्रश्न बरोबर आहे आणि उत्तर खिशात आहे. अँड्रॉइड फोन केबलने लॅपटॉपला जोडा आणि फोनच्या सेटिंगमध्ये 'यूएसबी टेदरिंग' चालू करा. लिनक्स त्याला तारेचं नेटवर्क समजतो, त्यासाठी वेगळी चिठ्ठी लागत नाही. केबल मात्र डेटा जाणारी हवी. नुसत्या चार्जिंगच्या केबली घरोघर असतात आणि त्यांनी चांगल्या चांगल्यांना घाम फोडलेला आहे.

डेबियनवाल्यांना एक जादा सूचना. या चिठ्ठ्यांपैकी बहुतेकांचा सोर्स कोड उत्पादक उघड करत नाहीत. मुक्त सॉफ्टवेअरचं व्रत घेतलेल्या डेबियनने म्हणूनच वर्षानुवर्षं त्यांना आपल्या अधिकृत स्थापना-प्रतीत जागा दिली नाही. तत्त्व मला पटतं, पण वायफायविना बसलेल्या नवख्या माणसाला ते कसं समजवायचं? शेवटी २०२२ मध्ये त्यांच्या सदस्यांनी मतदान करून नियम बदलला आणि १० जून २०२३ ला आलेल्या डेबियन १२ पासून स्थापनेच्या वेळीच फर्मवेअर मिळू लागलं. त्यासाठी भांडारात 'नॉन-फ्री-फर्मवेअर' असा नवा विभाग उघडला. मेख अशी, की जुन्या ११ वरून १२ ला चढवलेल्या यंत्रात हा विभाग स्रोतांच्या यादीत आपला आपण लिहावा लागतो. तो राहिला तर जुन्याच चिठ्ठ्या पडून राहतात, आणि नव्याने पॅकेज मागितलं तर 'सापडत नाही' असं उत्तर येतं.

फर्मवेअरचा सगळ्यात ओळखीचा धडा मात्र लॅपटॉपमध्ये नाही, कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात आहे. एचपीचा लेझरजेट १०२०, तो करड्या रंगाचा छोटा ठोकळा, तुम्ही पाहिलाच असेल. डीटीपीवाल्यांचा, अर्ज छापणाऱ्यांचा लाडका. हा प्रिंटरही रोज सकाळी सगळं विसरलेला असतो. बटण दाबलं की संगणकाने त्याला फर्मवेअर पाठवायचं, मग तो जागा होणार. विंडोजमध्ये ड्रायव्हर हे गुपचूप करतो, म्हणून कुणाला पत्ता नसतो. लिनक्समध्ये एचपीलिप नावाची प्रणाली ते करते, पण फर्मवेअर ज्या प्लगिनमधून येतं ते परवान्यापायी वेगळं उतरवावं लागतं, आणि त्याची आवृत्ती एचपीलिपच्या आवृत्तीशी तंतोतंत जुळावी लागते. म्हणून काय होतं, तर लिनक्सची मोठी अद्ययावत आवृत्ती घातली की एचपीलिप पुढे जातं आणि प्लगिन मागे राहतं. प्रिंटर यादीत दिसतो, कागद भरलेला असतो, काम रांगेत लागतं, पान काही बाहेर येत नाही. लोक टोनर बदलतात, केबल बदलतात. 'एचपी-प्लगिन' ही आज्ञा पुन्हा चालवली की प्रिंटर घरघर करत उठतो.

कधीकधी फाइल हाताने ठेवावी लागते, हे मान्य. ब्रॉडकॉमच्या जुन्या वायफाय कार्डांची फाइल वाटण्याची परवानगीच नव्हती, त्यामुळे ती उत्पादकाच्या ड्रायव्हरमधून कापून काढणारं अवजार लोकांनी बनवलं. ते अवजार तुमच्या भांडारात आहे, तेच वापरा. हाताने फाइल ठेवताना होणारी सगळ्यात मोठी चूक तांत्रिक नाहीच. फाइलच्या जागी ती फाइल दाखवणारं वेबपान उतरवून घेतलं जातं. नाव बरोबर, जागा बरोबर, आत मात्र पानाचा मजकूर. शंका आली तर फाइल मजकूर-संपादकात उघडून बघा. सगळाच मजकूर वाचता येण्यासारखा दिसला की ते वेबपान समजा. वायफायच्या फर्मवेअरचा बहुतेक भाग अगम्य कचऱ्यासारखाच दिसायला हवा. दुसरी चूक म्हणजे जवळच्या मॉडेलची फाइल घेऊन नाव बदलून ठेवणं. शेजारच्या गड्याची चिठ्ठी आहे ती. लागली तर नशीब, नाही लागली तर जी ओळ खरं बोलत होती तीही आता दिशाभूल करेल. तिसरी बाब कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, जुना असेल तर. हल्ली या फाइली दाबून ठेवलेल्या येतात. दाबण्याची एक्सझेड ही पद्धत कर्नलला ५.३ पासून कळते, झेडएसटीडी ही नवी पद्धत ५.१९ पासून. त्याहून जुन्या कर्नलपुढे अशी फाइल ठेवली तर ती त्याला दिसतच नाही.

आणि एक बारीक गोष्ट. ग्राफिक्ससारखे काही ड्रायव्हर संगणक पुरता उठायच्या आधीच कामाला लागतात, तेव्हा फडताळाची खोली उघडलेली नसते. त्यांच्यासाठी एक छोटी पिशवी आधीच भरून ठेवलेली असते, तिचं नाव इनिटरॅमएफएस. तुम्ही फडताळात चिठ्ठी ठेवली पण पिशवी पुन्हा भरली नाही, तर सकाळी तीच ओळ पुन्हा. भांडारातलं पॅकेज बसवलं की बहुधा पिशवी आपोआप भरली जाते. हाताने ठेवली तर 'अपडेट-इनिटरॅमएफएस' ही आज्ञा वजा आणि यू लावून चालवा.

ओळीच्या शेवटी उणे २ ऐवजी उणे ११० असेल तर ते वेळ संपल्याचं लक्षण. चिठ्ठी मिळाली, गड्याच्या हातात दिली, त्याने ठरल्या वेळात हूं की चूं केलं नाही. एकाच यंत्रावर विंडोज आणि लिनक्स दोन्ही असतील तर पहिला संशय विंडोजच्या 'फास्ट स्टार्टअप'वर घ्या. त्यात 'शट डाऊन' म्हटलं तरी विंडोज पूर्ण बंद होत नाही, आणि कार्ड अर्धवट झोपेत राहू शकतं. शिफ्ट दाबून धरून शट डाऊन करा. मग चार्जर काढा, बॅटरी निघत असेल तर काढा, चालू करायचं बटण अर्धा मिनिट दाबून धरा. एवढं करूनही उणे ११० आलं तर कार्ड काढून पुन्हा बसवा. त्याउपर 'कार्ड गेलं' म्हणायला माझी हरकत नाही.

आता एक गोष्ट बजावून सांगतो. वर जे बोललो त्यात फाइल कार्डाच्या तात्पुरत्या स्मरणात जाते. चुकीची गेली तर फार तर कार्ड चालत नाही. बंद करून चालू केलं की पुन्हा कोरी पाटी. म्हणून त्यात हात घालायला भिऊ नका. पण राउटर, टीव्ही आणि संगणकाचा बायोस यांचं फर्मवेअर 'अपडेट' करणं हा सर्वस्वी वेगळा प्रकार आहे. तिथे जुनं पुसून नवं कायमचं लिहिलं जातं. लिहिताना मधेच वीज गेली तर यंत्राची वीट होऊ शकते. आपल्याकडे भारनियमनाचं वेळापत्रक पाळणारी गावं आहेत आणि वेळापत्रक न पाळणारी वीज आहे. चार्जर लावल्याशिवाय, बॅटरी भरल्याशिवाय किंवा यूपीएस असल्याशिवाय ते काम हाती घेऊ नका. जे यंत्र बरं चाललं आहे त्याचा बायोस निव्वळ हौसेखातर बदलू नका. वायफाय दिसत नाही म्हणून बायोस अपडेट करायला सांगणारे मी पाहिले आहेत. त्यांना आधी नोंदवहीतली ओळ दाखवायला सांगा.

दुरुस्तीवाल्यांना माझी हात जोडून विनंती आहे. 'कार्ड गेलं' हे वाक्य तोंडून काढण्याआधी ती पाच अक्षरं टाइप करा. तुमचं मिनिट जाईल, गिऱ्हाईकाचे पैसे वाचतील आणि तो पुढच्या वेळी तुमच्याकडेच येईल. शिक्षकांना विनंती ही, की संगणक खोलीत 'नेट चालत नाही' म्हणून भिंतीकडे तोंड करून ठेवलेली यंत्रं असतील तर निर्लेखनाच्या यादीत टाकण्याआधी एकेकाची नोंदवही उघडा. आठवी-नववीच्या मुलांनाच बसवा. इंग्रजी ओळ वाचून तीत ड्रायव्हर कोण, फाइल कोणती आणि आकडा कोणता हे शोधायला त्यांना मजा येते.

मदत मागताना 'वायफाय चालत नाही' एवढंच लिहू नका. ती ओळ जशीच्या तशी द्या, टाइप करायचा कंटाळा असेल तर पडद्याचा फोटो द्या. कार्डाची ती चार-चार अक्षरांची जोडी द्या, लिनक्सचं नाव आणि आवृत्ती द्या. मदत करणारा माणूस तुमच्या लॅपटॉपसमोर बसलेला नसतो.

आणि काम झालं की एक कागदाची पट्टी घ्या. कार्डाचा क्रमांक, हरवलेल्या फाइलचं नाव, कोणतं पॅकेज बसवलं आणि तारीख, एवढं मराठीत लिहा आणि पारदर्शक चिकटपट्टीने लॅपटॉपच्या पोटाला चिकटवा. भाच्याच्या लॅपटॉपवर ती लावली आहे. डोंगलवर वेगळी लावली आहे.